बूस्टरवरचा पहिला फोन

मोबाइलची रेंज वाढवणारं यंत्र निवडायला मला अकरा आठवडे लागले. बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात. आणि ह्या डब्याचं अकरा वीक्स चाललंय."

मी म्हणायचो, "तेव्हा इतके ऑप्शन नव्हते."

यावर ती हसायची. खरं तर त्यात हसण्यासारखं फार काही नव्हतं. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, आणि बाकीचं आयुष्य एका फोनच्या भरवशावर. माझी किडनी मी देऊ केली होती, पण माझ्या मधुमेहामुळे ती पहिल्याच फेरीत बाद झाली. मुलीची घ्यायला हिने साफ नकार दिला. त्यावर घरात पुन्हा चर्चा होऊ दिली नाही. राहिली ती यादी. प्रत्यारोपणासाठी थांबलेल्या माणसांची यादी, आणि तिच्यात हिचं नाव. जुळणारी किडनी मिळाली की हॉस्पिटलातून फोन येणार, तो कधीही येणार, आणि आला की बॅग उचलून निघायचं. फोन लागला नाही तर ते दुसरा नंबर फिरवतात, तिसरा फिरवतात, थोडा वेळ वाट बघतात आणि मग पुढच्या माणसाकडे वळतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. किडनी कुणासाठी थांबून राहत नाही.

आणि आमच्या घरात फोन लागत नव्हता.

पूर्वी लागायचा. रेंज घालवली ती मी. आम्ही नोकरीपायी लंडनमधलं स्टॅनमोर सोडलं आणि मिल्टन कीन्सच्या शेवटच्या राउंडअबाउटच्याही पुढे, शेतं सुरू होतात तिथे एक बैठं घर घेतलं. डायलिसिस सुरू झाल्यापासून ही सारखी गारठलेली असायची. मे महिन्यात स्वेटर, पायात मोज्यांवर मोजे. ते मला बघवेना. म्हणून मी बाहेरच्या सगळ्या भिंतींना आतून इन्सुलेशन बसवून घेतलं. चांगल्यातलं, मागे चंदेरी फॉइल असलेलं. छतालाही तेच. घर उबदार झालं आणि फोन मुका झाला. फॉइल जशी ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसा सिग्नलही आत येऊ देत नाही. तीस वर्षं कम्प्युटर नेटवर्कच्या धंद्यात काढलेल्या माणसाला हे आधी सुचू नये? बिल्डरने विचारलंसुद्धा होतं, आत मोबाइल नीट चालतो ना म्हणून. मी त्याला म्हणालो होतो, वायफाय आहे, काळजी करू नकोस.

मुलगीही तेच म्हणत होती. ती केंब्रिजला प्रयोगशाळेत काम करते, इथेच जन्मली, आणि तिचं मराठी मी कधी दुरुस्त करत नाही, कारण ती बोलते हेच पुष्कळ आहे.

"डॅडी, वायफाय कॉलिंग ऑन कर ना. इट्स फ्री. एवढा मोठा प्रोजेक्ट का करतोस?"

"आणि ब्रॉडबँड गेला तर?"

"कधी जातो?"

"गेल्या महिन्यात दोन दिवस गेला होता."

"मग त्या दोन दिवस माझी घरी या."

वायफाय कॉलिंग मी कधीच चालू केलं होतं. पण घरचा साधा फोनही आता ब्रॉडबँडच्याच डबीतून येतो, म्हणजे ते एक गेलं की सगळंच गेलं. ते दोन दिवस मी हिचा फोन घेऊन बागेत शेडपाशी उभा होतो, कारण तिथे रेंजच्या दोन काड्या दिसायच्या. पाऊस पडत होता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने कुंपणावरून विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, ठीक आहे, फोनची वाट बघतोय. तिने मला आपली जुनी छत्री आणून दिली.

त्यानंतर मी बूस्टरच्या मागे लागलो. मी स्वभावाने चिकट आहे आणि चिडकाही. नेटवर हजार डबे विकायला आहेत. त्यातले बरेचसे इथे लावायलाच परवानगी नाही. लावले तर आजूबाजूच्या टॉवरांना त्रास होतो. घरात लावायचा असेल तर एका वेळी एकाच कंपनीचं नेटवर्क वाढवणारा लावावा लागतो. गाडीतला सगळ्या नेटवर्कांना चालतो, पण त्याची ताकद कमी ठेवलेली असते. एका विक्रेत्याने मला फोनवर छातीठोकपणे सांगितलं की त्याचा डबा सगळ्या नेटवर्कांवर, सगळ्या खोल्यांत चालतो. मी म्हणालो, तो नियमात बसतो असं लिहून देता का? त्याने फोन ठेवला. असे चार झाले.

हिचं नेटवर्क एक, माझं दुसरं. घरासाठी कोणतं निवडायचं? मी आठवडाभर दोन्ही फोन दोन हातांत धरून घराभोवती प्रदक्षिणा घातल्या. माझं नेटवर्क जास्त चांगलं निघालं. मी म्हणालो, तुझा नंबर माझ्या कंपनीकडे हलवू या.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "हॉस्पिटलकडे माझा नंबर आहे. हलवताना एक दिवस जरी बंद पडला तर? तुमचा हलवा."

बरोबर होतं तिचं. मी माझा हलवला. ती अनेक वर्षं एका डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनवर होती, त्यामुळे हॉस्पिटलचा कारभार कसा चालतो हे तिला माझ्याहून चांगलं कळायचं. स्वतःच्या तारखा, स्वतःचे रिपोर्ट, हॉस्पिटलची पत्रं, सगळं ती आपल्या फोनवर आपणच बघायची. मी बूस्टर बघायचो. आमची वाटणी तशी ठरून गेली होती.

तिला एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा समजावून सांगितली होती. बूस्टर रेंज तयार करत नाही. बाहेर थोडीफार असेल ती ओढून आत आणतो, एवढंच. बाहेर काहीच नसेल तर तो बिचारा काय वाढवणार?

"कळलं हो," ती म्हणायची. "मी काही तुमची ट्रेनी नाही."

आम्ही मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. लंडनच्या आसपास आम्ही मूठभर लोक उरलोत आणि आमच्या मुलांची मुलं तर घरातही इंग्रजीच बोलतात. हिने मात्र शुक्रवारी संध्याकाळी लागणारा शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, कधी सोडला नाही. सूर्य मावळायच्या आधी मेणबत्त्या लावायची, भिजवलेल्या मनुकांच्या सरबतावर मी आशीर्वाद म्हणायचो. मनुकांत पोटॅशियम फार, म्हणून आजारपणात ती फक्त एक चमचा घ्यायची आणि बाकीचा पेला माझ्याकडे सरकवायची. मेणबत्त्यांच्या आधी एक काम ठरलेलं असायचं. घरातले सगळे फोन बंद करून ती जेवणाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकायची. शनिवारी रात्री तारे दिसले की बाहेर काढायची.

नाव यादीत गेलं तेव्हा मी आमच्यातल्या एका जाणत्या माणसाला विचारून आलो. ते म्हणाले, जिवाचा प्रश्न असेल तर शब्बाथला फोन घ्यायचाच, त्यात विचारायचं काय? तेव्हापासून शुक्रवारी हिचा फोन चालू राहायला लागला. खिडकीच्या कट्ट्यावर, मेणबत्त्यांपासून हातभर लांब. ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शनिवारी आम्हाला फोन करायचा नाही. म्हणजे वाजला तर तो तोच. तीन वर्षांत एकदाही वाजला नाही.

हिने एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, मलिदाही बोलला होता. फोन आला, किडनी बसली, घरी आले की मलिदा करीन. भिजवलेले पोहे, साखर, खवलेलं ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, आणि भोवती फळं मांडायची. खोबरं, खजूर, केळी, म्हणजे तिला वर्ज्य असलेलं सगळं एकाच ताटात. "तेव्हा मी पोटभर खाणार," ती म्हणायची, "आणि तुम्ही तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

एप्रिलमध्ये एका गुरुवारी मी बूस्टर बसवला. माणूस बोलावला नाही. माणसाने नीट बसवला नसता. बाहेरचा अँटेना भिंतीवर उंच, आतला स्वयंपाकघरात, आणि दोघांत पुरेसं अंतर, नाहीतर माइक स्पीकरसमोर धरल्यावर जसा किंचाळतो तसा तो गोंधळतो आणि बंद पडतो. मी शिडीवर चढलो. ही सिंकपाशी, हातात तिचा फोन, खिडकी उघडी. मी अँटेना इंच-इंच फिरवायचा आणि तिने काड्या मोजून सांगायच्या, असं काम.

"किती?"

"एक."

"आता?"

"एकच. अर्धी असते का हो?"

"अर्धी नसते."

"मग एक."

मी वैतागलो, स्पॅनर खाली पडला, ती बाहेर येऊन तो देऊन गेली. पुन्हा फिरवला. दोन. पुन्हा. तीन. मग तिचा आवाज एकदम चढला. "चार! अहो, चार! हलवू नका आता!"

मी हलवला नाही. मी बोल्ट आवळायला घेतला, आणि तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला.

त्या घरात, त्या स्वयंपाकघरात, फॉइल बसवल्यानंतर बाहेरच्या टॉवरवरून आलेला तो पहिला फोन. वायफाय मी मुद्दाम बंद ठेवलं होतं. मी शिडीवरून ओरडलो, "लागला! लागला!" इतक्या जोरात की शेजारची बाई खिडकीत आली. मी तिला स्पॅनर उंचावून दाखवला. तीही हसली.

आत बायकोने हाताने मला गप्प राहायची खूण केली आणि पाठ फिरवली. मला खिडकीतून तिची पाठ दिसत होती, आणि नळावर ठेवलेला एक हात. चार-पाच मिनिटं ती बोलत होती. मी बोल्ट आवळत होतो आणि स्वतःवरच खूश होतो. मला तो आनंद अजून आठवतो आणि त्याची मला शरम वाटते.

फोन झाल्यावर ती लगेच वळली नाही. नळ सोडला, बंद केला. मग खिडकीशी आली.

"कोण होतं?"

"फोनवाले. नवीन प्लॅन घ्या म्हणत होते."

"एवढा वेळ?"

"सेल्सवाले सोडतात का?"

"आवाज कसा होता?"

"स्वच्छ," ती म्हणाली. "एकदम स्वच्छ. शेजारी बसून बोलल्यासारखा." मग, "उतरा आता. पाय घसरेल. चहा टाकते."

त्या दिवशी चहाबरोबर तिने माझ्यासाठी बटाटेवडे तळले. मला वाटलं, बूस्टरचा समारंभ.

आठवडाभरात तिनेच विषय काढला. "गाडीचं काय झालं? गाडीतही लावणार होतात ना?" इतके दिवस माझी टर उडवणारी बाई. मी हरखलो. डायलिसिसला जायचा आमचा रस्ता शेतांमधून जातो आणि दोन उतारांवर फोन पार मरतो. तेवढ्या पाच मिनिटांत तो फोन आला तर, ही धास्ती मला कायम होती. गाडीचा बूस्टर लवकर मिळाला. टपावर लोहचुंबकाने चिकटणारी लहानशी अँटेना, आत फोन ठेवायची खाच. मग तो कुठे किती चालतो हे तपासायला हवं होतं. मी तिला एक वही दिली. मी गाडी चालवायची, तिने जागा आणि काड्या लिहायच्या.

डायलिसिस नसेल त्या दिवशी आम्ही निघायचो. आधी हॉस्पिटलचा रस्ता, मग बाकीचे. मला वाटलं होतं दोन फेऱ्यांत काम संपेल. पण तीच म्हणायची, "आज त्या बाजूला जाऊ. तिकडचं राहिलंय." तिकडे आम्हाला कधी जायचंच नसायचं. मी म्हणायचो, तिकडचं तपासून काय करायचंय? ती म्हणायची, "सर्व्हे पूर्ण पाहिजे ना? तुम्हीच म्हणता."

वही तिच्या अक्षरात भरत गेली. घोड्यांचं शेत, दोन. कालव्याचा पूल, तीन, बदकं. चर्चचा उतार, शून्य, पण खाली सगळीकडे निळी फुलं. पिवळ्या दाराचं घर, चार, बाई कपडे वाळत घालतेय.

मी चिडायचो. "डेटा लिही. बदकं कशाला?"

"बदकं पण डेटाच आहे."

इतक्या वर्षांत आम्ही असे उगाच कधी फिरलो नव्हतो. मी गाडी चालवत असायचो तेव्हाही डोक्यात नोकरी, नाहीतर टायर, नाहीतर सर्व्हिसिंग. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा घोडे बघितले, आणि तेही ती दाखवायची म्हणून. पण तेव्हाही माझं निम्मं लक्ष फोनच्या खाचेकडे होतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मी आंघोळ करून बाहेर आलो तर मेणबत्त्या लागल्या होत्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर फोन नव्हता.

"फोन कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये."

"चालू आहे ना?"

"बंद केलाय. पहिल्यासारखा."

माझा तोल गेला. मी तिला वेडी म्हणालो. तीन वर्षं कशासाठी काढली म्हणालो. अकरा आठवडे मी काय झक मारत होतो का, असंही म्हणालो, शब्बाथच्या टेबलाशी, मेणबत्त्या जळत असताना. ती शांतपणे म्हणाली, "एक दिवस. आठवड्यातून एक दिवस मला तो फोन नको. तुम्ही आणि मी, बस."

मला वाटलं, आजाराने ही थकली, देवभोळी झाली, किंवा ऑपरेशनला घाबरली. मी ड्रॉवर उघडला, फोन चालू केला आणि कट्ट्यावर ठेवला. जिवाचा प्रश्न आहे, मी म्हणालो, परवानगी आहे. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे."

पुन्हा तिने ते कधी काढलं नाही. पुढच्या शुक्रवारी फोन आपणहून कट्ट्यावर ठेवला, चालू करून. मी जिंकलो होतो.

जूनमध्ये ती म्हणाली, "आपण मलिदा करून टाकू."

"अगं, काम कुठे झालंय? नवस काम झाल्यावर फेडतात."

"एलियाहू हन्नाबी काय रिसीट बघतो? मला करायचाय."

स्टॅनमोरहून आमची जुनी चार कुटुंबं आली. मुलगी केंब्रिजहून आली. प्रार्थना झाली, पुरुषांनी ती चालीवर म्हटली, ताटं फिरली, आणि हिने स्वतःसाठी वाटीभर मलिदा वाढून घेतला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पोटॅशियम!" ती म्हणाली, "ठरलं होतं ना, एक शब्द नाही?" आणि पाहुण्यांच्या हसण्यात तिने वाटी संपवली. मी रुसलो. रात्री झोपेपर्यंत धड बोललो नाही.

सप्टेंबरमधल्या एका बुधवारी मी तिला डायलिसिसला सोडलं आणि नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. आत तिच्या खुर्चीशेजारी बसायला परवानगी होती. पण गाडीत माझा लॅपटॉप होता आणि शिवाय गाडीत रेंज चांगली होती. तिथे माझ्या फोनवर पाच काड्या यायच्या. युनिटमधून नर्सचा फोन आला तो पहिल्या रिंगला मी घेतला. ती म्हणाली, लगेच आत या. मी पळालो. हिचं हृदय बंद पडलं होतं. त्यांनी खूप प्रयत्न केले, मी दारात उभा राहून बघितले. सकाळी गाडीतून उतरताना ती म्हणाली होती, "येताना कालव्याच्या बाजूने जाऊ." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दुसऱ्याच दिवशी दफन झालं. सात दिवस आम्ही रीतीप्रमाणे सुतकात घरात बसलो. मुलीने आरसे झाकले. लोक उकडलेली अंडी घेऊन आले, मराठीत बोलले, इंग्रजीत बोलले, गेले.

आठव्या दिवशी मला यादी आठवली. मला वाटलं, कुणीतरी दुसरं माणूस वाट बघत असेल, त्याच्या वाटेत हिचं नाव उगाच नको. मी सिंकपाशी उभा राहून प्रत्यारोपण विभागाला फोन लावला. तिथल्या कोऑर्डिनेटर नर्सला सांगितलं, माझी बायको गेली, तिचं नाव काढून टाका.

तिने हिची जन्मतारीख विचारली, टाइप केली. मग इंग्रजीत, फार हळू म्हणाली, "मला फार वाईट वाटतं. पण त्यांचं नाव एप्रिलपासूनच यादीत नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मी म्हणालो, तुमची काहीतरी चूक होतेय. एप्रिलमध्ये आम्ही बूस्टर बसवला.

तिची चूक नव्हती. वार्षिक तपासणीत हिचं हृदय फार कमजोर निघालं होतं. भूल आणि ऑपरेशन ते सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बसून ठरवलं आणि नाव कायमचं काढलं. "मीच त्यांना फोन केला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, तुम्ही दोघं भेटायला या, डॉक्टर नीट समजावून सांगतील. त्या म्हणाल्या, नको, मी सांगेन त्यांना. मी विचारलं, ते घरी आहेत का आत्ता, तुम्ही एकट्या नाही ना? तर म्हणाल्या, आहेत, पण शिडीवर आहेत. आत्ता सांगितलं तर पडतील."

आवाज स्वच्छ येत होता. एकही शब्द तुटला नाही.

मुलीला सांगितलं तेव्हा ती खूप रडली. "मम्मीने मला पण नाही सांगितली. का नाही सांगितली, डॅडी?" युनिटमधल्या सगळ्या नर्सना माहीत असणार. मी गाडीत बसलो नसतो, तिच्या खुर्चीपाशी बसलो असतो, तर मलाही एका दिवसात कळलं असतं. तिने मला हातात एक काम राहू दिलं, आणि मी ते काम करत बसलो. कधी कधी मला तिचा भयंकर राग येतो. पाच महिने ती एकटीने ते घेऊन फिरली, आणि मी तिला बदकं लिहू नकोस म्हणत होतो. आठवड्यातला एक दिवस तिने माझ्याकडे मागितला होता, आणि मी फोन ड्रॉवरमधून काढून तिच्यासमोर ठेवला होता. राग येतो तो शेवटी तिथेच येऊन थांबतो.

वही मी नंतर पहिल्यापासून वाचली. ती गाडीसाठी दिली होती, पण तिने आधीचं एक पान मागाहून भरलं होतं. त्या गुरुवारची तारीख, आणि खाली: किचन, सिंकजवळ, चार. पहिला फोन आला. हे फार खूश आहेत.

परवाच्या शुक्रवारी मी स्वतः मेणबत्त्या लावल्या. त्याआधी माझा फोन बंद केला, तिचा बंदच होता, दोन्ही ड्रॉवरमध्ये ठेवले. मनुकांचं सरबत केलं, एक चमचा वेगळा काढला. बसल्यावर लक्षात आलं की बूस्टर बंद करायचा राहिला. भिंतीवर त्याचा हिरवा दिवा चालू होता, आणि शब्बाथ लागल्यावर बटणाला हात लावायचा नसतो. या वेळी जिवाचा प्रश्न नव्हता.

मग मी तिच्या खुर्चीसमोर बसून राहिलो. मेणबत्त्या विझल्यावर स्वयंपाकघरात तेवढाच उजेड उरला होता.